कोबे १९८५: मारिया होसेची ‘फेल’ झालेली टेस्ट

जपानमधलं कोबे शहर, ऑगस्ट १९८५. वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्ससाठी स्पेनची टीम आली होती आणि त्यात मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो नावाची हर्डल्स पळणारी मुलगी होती, विगोची, वय चोविशीच्या आसपास. बायकांच्या इव्हेंटमध्ये उतरायचं तर त्या काळात एक कागद लागायचा, ‘ही बाई आहे’ असं लिहिलेलं सर्टिफिकेट. गंमत करत नाहीये, खरंच असायचं ते. तिच्याकडेही होतं, दोन वर्षांपूर्वी १९८३ला हेलसिंकीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तिची टेस्ट झाली, पास झाली, कागद मिळाला. कोबेला येताना तो घरी राहिला. मग काय, पुन्हा टेस्ट. गालाच्या आतून थोड्या पेशी खरवडून घेतल्या आणि स्लाइडवर लावल्या.

रेसच्या आधी तिला कळलं की रिझल्टमध्ये काहीतरी गडबड आहे. नेमकी काय ते सांगणारं कोणी नाही. टीमच्या डॉक्टरचा सल्ला एवढाच की लागलंय असं नाटक कर आणि माघार घे. ती स्टँडमध्ये बसून बाकीच्यांना पळताना बघत राहिली. २० वर्षांनी, २००५मध्ये, तिने ‘द लॅन्सेट’ या मेडिकल जर्नलमध्ये स्वतः हे सगळं लिहिलं, त्यात ती म्हणते की डोक्यात काहीही यायला लागलं, मला एड्स झालाय का, का ल्युकेमिया, कारण तिचा भाऊ ल्युकेमियानेच गेला होता. म्हणजे विचार करा, ज्या टेस्टला आजाराशी काही देणंघेणंच नाही तिच्या रिझल्टवरून पोरगी मरणाच्या भीतीने खोलीत बसून आहे आणि आजूबाजूला डॉक्टर आहेत. दोनेक महिन्यांनी पत्र आलं, कॅरिओटाइप (म्हणजे पेशीतल्या क्रोमोसोमचा हिशोब) ४६ एक्सवाय. आपण शाळेत शिकलो ते ‘पुरुषाचे’ क्रोमोसोम.

या प्रकरणाबद्दल मी जेवढं वाचलंय त्यात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट ही, की तिला निर्दोष ठरवायला लागणारं सायन्स तेव्हा नवीन नव्हतं. पुस्तकात होतं, ३० वर्षांपासून होतं. पण ते पुढे सांगतोच.

आधी ती टेस्ट. १९४९ला कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी एवर्ट बर्ट्राम मांजरांच्या चेतापेशी (नर्व्ह सेल्स) बघत होते, त्यांना दिसलं की मादीच्या पेशींमध्ये केंद्रकात एक गडद ठिपका असतो, नराच्या पेशींत नसतो. तो ठिपका म्हणजे बंद पडलेला एक एक्स क्रोमोसोम. दोन एक्स असले की पेशी त्यातला एक बंद करून ठेवते, १९६१ला मेरी लायन यांनी ही कल्पना मांडली. या ठिपक्याला बार बॉडी म्हणतात. मग खेळवाल्यांना वाटलं, अरे हे तर सोपंय. त्याच्या आधी १९६६ला बुडापेस्टच्या युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये बायकांना डॉक्टरांच्या पॅनेलसमोर कपडे काढून उभं राहायला लावलं होतं, त्याच्यावर इतकी नाराजी झाली की गालाचा स्वॅब म्हणजे सगळ्यांना सुधारणाच वाटली. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून ही टेस्ट रुटीन झाली. ठिपका दिसला तर बाई, नाही दिसला तर प्रॉब्लेम.

आता ही टेस्ट नेमकं काय बघते? एक्स किती आहेत, बस. त्यामुळे टर्नर सिंड्रोम असलेली बाई, जिच्याकडे एकच एक्स आहे आणि वाय नावालाही नाही, ती फेल होणार. एक्सएक्सवाय क्रोमोसोम असलेला दाढीमिशांचा पुरुष आला तर तो पास, कारण दोन एक्स आहेत ना. शिवाय काही पुरुषांमध्ये क्रोमोसोम चक्क एक्सएक्स असतात, शरीर पूर्ण पुरुषाचं, तेही आरामात पास. म्हणजे पुरुषांना गाळायला लावलेली चाळणी त्यांनाच सोडते आणि बायकांना अडवते. वर स्लाइड वाचण्यातही चुका व्हायच्या, कारण एक्सएक्स बाईच्याही प्रत्येक पेशीत तो ठिपका स्पष्ट दिसेलच असं नाही, मोजावं लागतं. मारिया होसे तर हेलसिंकीत पास आणि कोबेत फेल, शरीर तेच, फरक दोन वर्षांचा.

तर मग तिचं काय होतं? तिला होता कम्प्लीट अँड्रोजेन इनसेन्सिटिव्हिटी सिंड्रोम, इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर ‘केस’ म्हणतात, पण गोंधळ होईल म्हणून मी एआयएस म्हणतो. हे जरा नीट सांगायला हवं.

गर्भ सुरुवातीच्या सहा-सात आठवड्यांपर्यंत दोन्हीकडे जाऊ शकतो, बीजग्रंथी सारख्याच असतात. वाय क्रोमोसोमवर एसआरवाय नावाचं एक जीन आहे (१९९०ला सापडलं, कोबेच्या वेळी कोणाला माहीत नव्हतं), ते चालू झालं की त्या ग्रंथींचे वृषण बनतात. वृषण मग दोन कामं करतात. पहिलं म्हणजे एक हार्मोन स्रवून ते गर्भाशय आणि नलिका ज्यापासून बनणार ती रचना विरघळवतात. दुसरं म्हणजे टेस्टोस्टेरॉन बनवतात, ज्याच्यामुळे पुढे सगळं पुरुषी शरीर घडतं. एआयएसमध्ये इथपर्यंत सगळं ‘पुरुषा’सारखंच होतं, वृषण बनतात, पोटात किंवा जांघेत राहतात, टेस्टोस्टेरॉनही भरपूर बनतं. अडतं ते पुढे. टेस्टोस्टेरॉनला पेशीत काम करायला अँड्रोजेन रिसेप्टर लागतो आणि तो बनवणारं जीन आहे एक्स क्रोमोसोमवर, ते बिघडलेलं असतं. हार्मोन दार ठोठावतंय, घरात ऐकायला कोणीच नाही. एकाही पेशीत नाही.

म्हणून बाळ जन्मतं ते मुलगी म्हणून, बाहेरून शंभर टक्के मुलगी, सुईणीला डॉक्टरला आईला कोणालाच शंका यायचं कारण नाही. वयात आल्यावर त्या टेस्टोस्टेरॉनमधला काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, हे सगळ्यांच्याच शरीरात होतं, आणि त्या इस्ट्रोजेनचा रिसेप्टर मात्र व्यवस्थित असतो, त्यामुळे छाती येते, अंगाला गोलाई येते. काखेत आणि खाली केस फार कमी येतात. पाळी येत नाही कारण गर्भाशय नाही. बहुतेक मुलींचं निदान इथेच होतं, पंधरा-सोळाची झाली तरी पाळी नाही म्हणून गायनॅककडे नेतात आणि सोनोग्राफीत गर्भाशय दिसत नाही. काहींचं लहानपणीच, हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये जांघेतल्या फुगवट्यात ग्रंथी सापडते तेव्हा. आपल्याकडेही अशाच कळतात या केसेस, आणि पुष्कळदा घरचे सांगतात की मुलीला काही बोलू नका, फक्त ‘पिशवी नाही’ एवढं सांगा. ते चूक की बरोबर यात आत्ता जात नाही, पण पंचविशीत पत्राने कळण्यापेक्षा कुठलीही पद्धत बरी म्हणायची.

आणि हे सगळं कधीपासून माहीत होतं? १९५३ला जॉन मॉरिस या अमेरिकन गायनॅकॉलॉजिस्टने ८२ केसेस गोळा करून पेपर लिहिला. ऐंशीवर दोन. कोबेच्या ३२ वर्षं आधी. तेव्हा रिसेप्टर वगैरे कळलं नव्हतं, पण वृषण असलेल्या, एरवी पूर्ण बाई असलेल्या बायका असतात हे कळलेलं होतं, पाठ्यपुस्तकात गेलेलं होतं.

जानेवारी १९८६मध्ये स्पेनच्या नॅशनल चॅम्पियनशिपच्या आधी तिला पुन्हा निरोप, चुपचाप इंज्युरी दाखवून बाजूला हो नाहीतर जाहीर करू. ती नाही झाली बाजूला. ६० मीटर हर्डल्स पळाली आणि जिंकली, आणि मग बातमी प्रेसमध्ये फुटली. त्यानंतरची यादी वाचताना खरंच अंगावर येतं, खेळाडूंच्या होस्टेलमधून बाहेर काढलं, स्कॉलरशिप गेली, टायमिंग रेकॉर्डमधून पुसले, ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो सोडून गेला. तिने लॅन्सेटमध्ये अगदी सरळ शब्दांत लिहिलंय की मी बाई आहे हे मला माहीत होतं, माझ्या शरीराला कसलाही गैरफायदा मिळत नव्हता, मी कधीच फसवलं नाही. यातलं मधलं वाक्य महत्त्वाचं, कारण ते सायन्सचं वाक्य आहे आणि ते बरोबर आहे. साध्या बाईच्या शरीरातही थोडं टेस्टोस्टेरॉन असतं आणि तिचे स्नायू ते ऐकतात. मारिया होसेचे स्नायू काहीच ऐकत नव्हते. त्या एका बाबतीत बघितलं तर ती शेजारच्या लेनमधल्या बाईपेक्षा मागेच होती. ब्लड टेस्ट केली असती तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा पुरुषासारखा आला असता, आणि तोही तेवढाच बिनकामाचा.

तिच्या बाजूने उभा राहिला तो फिनलंडचा एक माणूस, आल्बेर्त द ला शापेल, हेलसिंकीचा जेनेटिसिस्ट. आणि इथे प्रकरणाला जी मजा येते ती अशी, की एक्सएक्स क्रोमोसोमवाले पुरुष म्हणून जे वर सांगितले ते जगाला पहिल्यांदा याच माणसाने दाखवले होते, १९६४ला. म्हणजे ही टेस्ट कुठे कुठे गंडते याची जगात सगळ्यात जास्त माहिती ज्याला होती तोच तिचा साक्षीदार. १९८६ला अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये त्याने या टेस्टच्या वापराची आणि गैरवापराची चिरफाड केली. अॅलिसन कार्लसन नावाची अमेरिकन पत्रकारही तिच्यासाठी लढली. ऑक्टोबर १९८८ला स्पर्धेत उतरायचं लायसन्स परत मिळालं. सोल ऑलिंपिक तोपर्यंत उरकलं होतं. मग ती पुन्हा ट्रेनिंगला लागली, आणि १९९२च्या बार्सिलोनासाठी, म्हणजे घरच्या ऑलिंपिकसाठी, क्वालिफाय व्हायचं राहिलं ते एका सेकंदाच्या दहाव्या भागाने. मधली तीन वर्षं ट्रॅकवर असती तर झालं असतं का, कोण सांगणार, पण हर्डलरची पंचविशीतली तीन वर्षं म्हणजे काय ते खेळणाऱ्याला विचारा.

आता जेंडर आयडेंटिटीचा भाग, कारण ही केस लोक त्याच्यासाठी फार वापरतात आणि बऱ्याचदा चुकीची वापरतात. मारिया होसेला आपण बाई आहोत यात कधी शंका नव्हती, पत्र वाचल्यावरही नव्हती. एआयएस असलेल्या जवळपास सगळ्याच जणी स्वतःला बाई मानतात. यावरून काहीजण म्हणतात, बघा, वाढवलं मुलगी म्हणून त्यामुळे मुलगी झाली, क्रोमोसोमला काही अर्थ नाही. थांबा. हिच्या शेजारी दुसरी केस ठेवा. फाइव्ह-अल्फा-रिडक्टेज नावाचं, टेस्टोस्टेरॉनचं जास्त जोरकस रूप बनवणारं एन्झाइम ज्यांच्यात नसतं त्यांचेही क्रोमोसोम एक्सवाय, वृषण आहेत, जन्मताना मुलीसारखी दिसतात, फरक इतकाच की त्यांचा अँड्रोजेन रिसेप्टर ठणठणीत असतो. वयात आल्यावर आवाज फुटतो, स्नायू येतात. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या अशा कुटुंबांचा अभ्यास ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४पासून प्रसिद्ध केला, १९७९च्या पेपरमध्ये अगदी निःशंकपणे मुलगी म्हणून वाढवलेल्या १८ जणांपैकी १७ जण पुढे स्वतःला पुरुष मानायला लागले असं दिलंय. वाढवणं दोघांचं सारखं, क्रोमोसोम सारखे, फरक पडला तो रिसेप्टर हार्मोनचं ऐकतो की नाही याने.

म्हणजे हार्मोनच सगळं ठरवतं असं? तेही इतकं सोपं नाही हो. त्या डोमिनिकन गावांमध्ये हा प्रकार पिढ्यानपिढ्या माहीत होता, त्याला गावात नाव होतं, म्हणजे मुलगा ‘होण्याची’ जागा समाजात तयारच होती, आणि ज्या पोराचं सगळं शरीर पुरुषाचं झालंय ते स्वतःला काय म्हणेल यात शरीर किती, गाव किती आणि मेंदू किती हे वेगळं काढायचं कसं. आणि उलट बाजूने, पूर्ण एआयएस असूनही स्वतःला पुरुष मानणाऱ्या अगदी तुरळक व्यक्तींची नोंद मेडिकल जर्नल्समध्ये झाली आहे. तेव्हा कोणी एका कारणावर बोट ठेवून ‘हेच’ म्हणत असेल तर मी तरी दोन पावलं मागे सरकतो. अजून एक, मारिया होसे ट्रान्स नव्हती आणि ही केस ट्रान्स लोकांबद्दल फारसं काही सांगत नाही. बहुतेक ट्रान्स व्यक्तींचे क्रोमोसोम, ग्रंथी, रिसेप्टर हे सगळं नेहमीसारखंच असतं, आणि आयडेंटिटी दाखवणारी ब्लड टेस्ट किंवा स्कॅन आजही नाही. दोन्ही विषय एकाच पोत्यात कोंबून भांडायची जी सवय लागलीय तिचा त्रास दोन्हीकडच्या माणसांना होतो.

खेळाकडे परत येऊ. आयएएएफने, म्हणजे अॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने (आजचं वर्ल्ड अॅथलेटिक्स), १९९२ला क्रोमोसोम टेस्ट सोडली. ऑलिंपिकवाल्यांनी मात्र बार बॉडी टाकून पीसीआरने एसआरवाय शोधायला सुरुवात केली, १९९६च्या अटलांटाला ३३८७ बायकांची टेस्ट झाली आणि ८ जणी पॉझिटिव्ह आल्या, त्यातल्या ७ जणींना एआयएस होता, काहींना पूर्ण काहींना अर्धवट, एकीला फाइव्ह-अल्फा-रिडक्टेजचा प्रकार. आठही जणींना खेळू दिलं. सिडनीच्या आधी सरसकट टेस्ट बंद झाली. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी जी मारिया होसेची बाजू घेणारे बरेचदा गाळतात. ३३८७त ७ म्हणजे पाचशेत एक असं काहीतरी झालं, आणि बाहेर समाजात पूर्ण एआयएसचं प्रमाण वीस हजार एक्सवाय जन्मांत एक किंवा त्याहून कमी धरतात. मग टॉपच्या खेळात त्या एवढ्या जास्त कशा? ज्यांना अर्धवट एआयएस आहे त्यांचे स्नायू टेस्टोस्टेरॉन थोडंफार ऐकतात, त्यांचं एक वेळ समजू शकतं. पूर्णवाल्यांचं काय? त्या सरासरी बाईपेक्षा उंच असतात हे दिसलंय, त्याचा संबंध वाय क्रोमोसोमशी जोडतात. उंची हा फायदाच, पण मग उंच एक्सएक्स बाईला आपण थोडंच अडवतो? माझं मत विचाराल तर हार्मोनचा फायदा हा अडवण्याचा मुद्दा होऊ शकतो, उंचीचा नाही. दुसऱ्या कोणाचं वेगळं असेल.

आणि आपल्याकडे सरसकट टेस्ट बंद झाली म्हणून काही थांबलं नाही. २००६ला दोहाच्या एशियन गेम्समध्ये तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने ८०० मीटरला सिल्व्हर घेतलं, टेस्ट झाली, मेडल काढून घेतलं आणि टीव्हीवर सगळ्या देशाने चर्चा केली. २१ वर्षांत लॅब सुधारल्या, बातमी फोडायची पद्धत तीच राहिली. २०१४ला द्युती चंदला कॉमनवेल्थच्या टीममधून काढलं तेव्हा ती लुसानच्या क्रीडा लवादात गेली आणि २०१५ला, जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या बायकांना अडवणारा जो नियम होता तो स्थगित करून घेतला. तिचा मुद्दा वेगळा होता, एआयएसचा नव्हता, पण निदान एक भारतीय खेळाडू वकील घेऊन उभी राहिली.

आता १ सप्टेंबर २०२५पासून वर्ल्ड अॅथलेटिक्सने बायकांच्या कॅटेगरीसाठी एसआरवाय टेस्ट पुन्हा आणलीय, आयुष्यात एकदाच, गालाचा स्वॅब किंवा रक्त. अँड्र्यू सिंक्लेअर, म्हणजे एसआरवाय शोधणाऱ्या टीममधलाच शास्त्रज्ञ, त्याने जाहीर विरोध केला, त्याचं म्हणणं की हे जीन आहे एवढंच टेस्ट सांगते, ते काम करतंय का, हार्मोन बनतंय का, शरीर ते वापरतंय का यातलं काहीच सांगत नाही. १९८६चाच मुद्दा, मशीन नवीन. फरक एक आहे आणि तो छोटा नाही, नव्या नियमात पूर्ण एआयएस असलेल्यांना सूट आहे. म्हणजे आजची मारिया होसे पॉझिटिव्ह येईल, मग पुढच्या तपासण्या होतील, रिसेप्टर चालत नाही हे सिद्ध होईल आणि ती पळेल. कागदावर.

मधल्या काळात काय होतं ते महत्त्वाचं. टेस्ट करून घ्यायची जबाबदारी देशातल्या फेडरेशनवर आहे, आणि ज्या मुलीला पाळी न येण्याचं कारण ‘सराव जास्त होतो’ असं सांगितलं गेलंय (धावणाऱ्या मुलींमध्ये तेही खरोखर होतं, म्हणून तर कोणी पुढे बघत नाही), तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो आधी कोणाच्या हातात पडणार, कोचच्या, सेक्रेटरीच्या, का एखाद्या एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरच्या, जो तिला समोर बसवून दोन तास समजावून सांगेल? साताऱ्या-नाशिककडून नॅशनलला जाणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरींच्या आईबापांनी हे आत्ताच विचारून ठेवावं, टेस्टच्या आधी, आणि उत्तर लेखी मागावं.